सम्पच्या बाहेर रिटर्न पंप बसवायचा आहे, पाइपिंग कसं करावं?

दर्यातळ

मत्स्यालयाची टाकी ४ बाय २ बाय २ फूट, खाऱ्या पाण्याची. खालच्या कॅबिनेटमध्ये ३६ बाय १६ बाय १६ इंची काचेचा सम्प (वरच्या टाकीतलं पाणी जिथे उतरतं ती छोटी टाकी), अजून भोक पाडलेलं नाही. सम्पमधलं पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप बाहेर ठेवायचा आहे, कारण मे महिन्यात पाणी आधीच तापतं, त्यात बुडवलेल्या पंपाची उष्णता नको. पंपाची दोन्ही तोंडं १ इंची, पाणी चढवायचं साधारण दीड मीटर. सम्पला भोक कुठे आणि केवढं पाडावं? प्लंबर सीपीव्हीसी वापरा म्हणतो, चालेल का? आणि वीज गेल्यावर टाकीतलं पाणी खाली येऊन सम्प वाहू नये म्हणून एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पुरेल का?

काचकाम

आधी सक्शनचं, म्हणजे सम्पपासून पंपापर्यंतच्या पाइपचं बोलू, कारण बाहेरच्या पंपाचं निम्मं यश तिथेच ठरतं. हे पंप पाणी स्वतः ओढून घेत नाहीत, त्यांच्यापर्यंत पाणी आपसूक पोचावं लागतं. म्हणून पंप सम्पमधल्या चालू पातळीच्या खाली हवा आणि सक्शनचा पाइप वाटेत कुठेही वर चढून खाली उतरता कामा नये. अशा उंचवट्यात हवा अडकते आणि वीज परत आली की पंप कोरडा फिरत राहतो.

पंपाचं तोंड १ इंची असलं तरी सक्शन सव्वा इंची घ्या आणि पंपाशी रिड्यूसर लावा. तासाला २५०० लिटर धरले तर १ इंचीत पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर होतो, सव्वा इंचीत तो ०.९ च्या आत राहतो. पंपाच्या तोंडाला लागूनच एल्बो नको, आधी १५ सेंमी तरी सरळ पाइप असू द्या.

क्रम असा: टँक कनेक्टर (काचेच्या भोकात नटाने आवळायचा जोड), बॉल व्हॉल्व्ह, युनियन (हाताने खोलता येणारा जोड), पंप, युनियन, दुसरा व्हॉल्व्ह, मग वर जाणारा पाइप. पाणी कमी करायचं ते फक्त या दुसऱ्या व्हॉल्व्हने. सक्शनचा व्हॉल्व्ह कायम पूर्ण उघडा, तो फक्त पंप सोडवताना बंद करायचा. सक्शन आवळलं की पंपाच्या तोंडाशी दाब घटतो, वाफेचे आणि हवेचे बुडबुडे सुटतात आणि आत खडे फिरल्यासारखा आवाज येतो. त्यात इम्पेलर (पंपाचं आतलं चाक) झिजतोच, शिवाय टाकीत बारीक बुडबुड्यांचा धुरळा उडतो.

भोकाचं माप कनेक्टर हातात घेऊन, आट्यांचा बाहेरचा व्यास मोजूनच ठरवा. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी लांब ठेवा. काच टफन्ड असेल तर ड्रिल लावूच नका, अख्खी काच फुटते. साध्या काचेला डायमंड होल-सॉ, कमी वेग, सतत पाणी आणि शेवटच्या मिलिमीटरला अगदी हलका हात. रबरी वॉशर कनेक्टरच्या कॉलरच्या बाजूला येतो, त्याला सिलिकॉन लावू नका, तो घसरतो. नट हाताने आवळून वर पाव फेरा, बस्स.

सॉल्व्हंट सिमेंट

सीपीव्हीसीला दोन कारणांनी नाही म्हणेन. एक, १ इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी, आतून जेमतेम २३ मिमी. शेड्यूल ४० यूपीव्हीसी बाहेरून ३३.४ आणि आतून २६ च्या वर. पाणी चढताना हा फरक जाणवतो. दुसरं कारण जास्त गंभीर: प्लंबर पंपाशी जोडायला सवयीने एमएबीटी किंवा एफएबीटी नावाचे जोड लावतो, त्यात पितळेची आटी असते. पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ त्यानेच मरतात. पूर्ण प्लास्टिकची आटीच मागा. याच कारणासाठी घरगुती मोनोब्लॉक पंपही नको. मॅग्नेट ड्राइव्हचा (चुंबकाने फिरणारा), सिरॅमिक शाफ्टवालाच हवा.

आणखी एक घोळ दुकानात होतो. शेतीचा ३२ मिमी पीव्हीसी पाइप आणि १ इंची यूपीव्हीसी फिटिंग दिसायला सारखे, पण पाइप फिटिंगमध्ये सैल बसतो. कितीही सिमेंट ओता, जोड गळणारच. जोड मारल्यावर पाणी सोडायला २४ तास थांबा.

ओहोटी

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका. झडपेखाली वाळूचा कण किंवा शेवाळ अडकलं की ती अर्धवट उघडी राहते आणि हे कळतं ते वीज गेल्यावरच. शिवाय ती चालू पंपाचा प्रवाहही घटवते. हिशेब मांडून पाहा. तुमच्या टाकीचा पृष्ठभाग सुमारे ७२०० चौ. सेंमी, म्हणजे पातळी १ सेंमी उतरली की ७.२ लिटर पाणी खाली येतं. रिटर्नचं तोंड पाण्याखाली ३ सेंमी असेल तर २१.६ लिटर, पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं (टाकीतलं पाणी खाली सोडणारी पेटी) धरून २५ समजा. तुमच्या सम्पमध्ये एवढ्याने पातळी सुमारे ७ सेंमी चढते. सम्पचे कप्पे पाडणाऱ्या फळ्या २५ सेंमीच्या आणि सम्प ४० सेंमीचा असेल तर पाणी आरामात मावतं.

तेच तोंड १५ सेंमी खोल ठेवलंत तर १०० लिटरच्या वर उतरेल आणि फरशी ओली होईल. म्हणून तोंड वर घ्या, किंवा पृष्ठभागाच्या सेंटीमीटरभर खाली पाइपला ६ मिमी भोक पाडा, पातळी तिथवर उतरली की त्यातून हवा शिरते आणि पाणी ओढलं जाणं थांबतं. हे भोक शेवाळाने बुजतं, दर पंधरवड्याला टूथब्रशने साफ करा.

दर्यातळ

फार उपयोगी माहिती, यूपीव्हीसीच घेतो. भोक काचेच्या कडेपासून इतकं लांब नेलं तर ते वर जातं. रिटर्न कप्प्यातलं पाणी आटलं की पंप हवा ओढेल ना?

काचकाम

ओढेल. आधी भोवरा पडतो, मग हवा जाते. बाष्पीभवनाची सगळी घट त्याच कप्प्यात दिसते: कप्पा ३० बाय ४० सेंमी असेल तर सव्वा लिटर पाणी गेलं की पातळी १ सेंमी खाली. कनेक्टरला आतून खाली वळलेला एल्बो लावा आणि त्याच्या तोंडाला जाळी. पाणी तळाजवळून घेतलं जातं आणि भोक मात्र सुरक्षित उंचीवर राहतं. फ्लोट व्हॉल्व्हने गोडं पाणी आपोआप भरायची सोय केलीत तर पातळी हलणारच नाही.

ओहोटी

पहिली चाचणी साध्या पाण्याने, मीठ आणि दगड टाकायच्या आधी. पंप चालवा, मेन स्विच बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि सम्पवर पाणी जिथे थांबलं तिथे टेपची खूण करा. पंप बंद असताना या खुणेच्या वर कधीही पाणी भरायचं नाही. पंपाचा सॉकेट जोडांच्या खाली नको, वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे ओघळ आलाच तर सॉकेटमध्ये न जाता खाली गळेल. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.