बांबूला अनुदानापेक्षा खेळतं भांडवल हवं

सरकारी अनुदान वाढवलं की बांबूच्या बांधकामाचा धंदा मार्गी लागेल, असं बरेचदा म्हटलं जातं. माझा अनुभव वेगळा आहे. यंत्रांसाठी पैसा मिळतो. पीएमईजीपी या केंद्राच्या कर्ज-अनुदान योजनेत उत्पादन उद्योगाचा ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. गाडं अडतं ते खेळत्या भांडवलापाशी, म्हणजे माल घेतल्यापासून त्याचे पैसे हातात येईपर्यंत लागणाऱ्या पैशापाशी.

आमच्या सिंधुदुर्गातला माणगा जातीचा बांबू बघा. भरीव, सरळ, बिनकाट्यांचा. तो पावसाळा संपल्यावर तोडायचा, म्हणजे वर्षभराचा माल तीन-चार महिन्यांत रोखीनं घ्यायचा. मग कीड लागू नये म्हणून बोरिक ॲसिड-बोरॅक्सच्या टाकीत भिजवायचा, सावलीत उभा करून वाळवायचा. प्रक्रिया न केलेली जुनी काठी जमिनीवर आपटून बघा, बारीक पिवळसर पीठ गळतं. भुंग्यानं आतून पोखरलेली असते. म्हणून इथे घाई चालतच नाही. शेतकऱ्याला पैसे आज द्यायचे आणि बिल्डरकडून येणार आठ-दहा महिन्यांनी! बँकेत गेलो तर वाळत ठेवलेल्या मालाची तारण म्हणून किंमत शून्य धरली. शेवटी घर गहाण ठेवून कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं बँकेचं कर्ज, घेतलं.

भारतीय वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्यानं ‘झाड’ राहिलेला नाही. बांबूच्या बांधकामाच्या संरचनेसाठी आयएस १५९१२ हे भारतीय मानक आहे. बंगळुरू विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलच्या छताला आतून बांबूच लावलाय. म्हणजे कायदा आणि मानक आता आड येत नाहीत, अडतं ते कर्जापाशी. गोदामातल्या धान्याच्या पावतीवर कर्ज मिळतं, मग प्रक्रिया करून वाळवलेल्या बांबूच्या साठ्यावर का मिळू नये? आपण सगळ्यांनी मिळून मागणी करायची तर हीच करूया.