धंद्यात उतरताना आधी काय शिकलात? नागपूरकरांचे अनुभव

माझा भाचा बी.कॉम. झाला. नोकरी नको, धंदा करीन म्हणतो. कोणता, ते अजून ठरलेलं नाही. पण 'मामा, आधी स्किल पाहिजे' हे मात्र पक्कं आहे. परवा जेवायला आला तेव्हा वहीचं एक पान पुढे केलं. टॅली, डिजिटल मार्केटिंग, स्पोकन इंग्लिश, एआय, व्हिडिओ एडिटिंग, पॅकेजिंग, शेअर मार्केट. सीताबर्डीतल्या एका क्लासनं पाच महिन्यांचे ३५ हजार सांगितले आहेत. हातात दीड लाख, त्यातले पन्नास हजार त्याच्या आजीचे. मी जन्मभर सरकारी नोकरी केली, मला यातलं शष्प कळत नाही.

म्हणून ज्यांनी नागपुरात किंवा आसपास स्वतःचं काही उभं केलं, किंवा उभं करून बंद केलं, त्यांनी लिहावं. आधी काय शिकलात, किती पैसे गेले, मागाहून काय शिकावं लागलं. उपदेश नको, तो मी त्याला रोज देतो.

सांबारवडी आणि पाटोडी, मानेवाडा

मी आधी केक शिकले. तेव्हा सगळ्याच जणी शिकत होत्या. क्लास आठ हजारांचा, ओव्हन वेगळा. वर्षभरात आमच्या एका गल्लीत केक करणाऱ्या चौघी झाल्या, वाढदिवस काही वाढले नाहीत. मग जे हातात होतंच त्यावर आले, सांबारवडी. (बाहेरगावच्यांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे.)

हिवाळ्यात सांबार स्वस्त, ऑर्डरी धडाधड. १८ रुपये नग. बेसन, कणीक, सांबार, खोबरं, खसखस मिळून माल ९ रुपयांचा, म्हणजे निम्मे सुटतात असं माझं गणित. तीन महिने झाले तरी डब्यात पैसे साठेनात. नवऱ्याला वाटे मी उडवते, मला वाटे तो काढतो.

माझे चुलतसासरे कॉटन मार्केटात एका दलालाकडे मुनीम होते. एका रविवारी त्यांनी स्वयंपाकघरातच खुर्ची टाकली. म्हणाले, "सूनबाई, कढईत ओतायच्या आधी तेल मोज." मोजलं, २ किलो. ४० वड्या तळल्या, तेल थंड होऊ दिलं, पुन्हा मोजलं. १ किलो ५४० ग्रॅम. बाकीचं वड्यांच्या पोटात! तेव्हा तेल १४० रुपये किलो, म्हणजे वडीमागे १ रुपया ६० पैसे, आणि मी ते कधी धरलंच नव्हतं, कारण तेल तर 'घरातलं' होतं. चार वड्यांचा डबा ६ रुपयांना, नगामागे दीड. गॅसचा एक. २० वड्या द्यायला धरमपेठेत जाऊन यायचं पेट्रोल ४० रुपये, म्हणजे आणखी २. बेरीज १५ रुपये १० पैसे. ४० वड्यांना हातात राहिले ११६ रुपये, आणि सांबार निवडण्यापासून कढई घासण्यापर्यंत साडेचार तास. सासरे काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी भाव २५ केला आणि ५० च्या आतली ऑर्डर घरून न्यायची असं सांगितलं. निम्मी गिऱ्हाइकं गेली. पावसाळ्यात सांबार महागतो तेव्हा पाटोडीच (बेसनाची वडी) करते, सांबारवडीला सरळ नाही म्हणते. अन्न खात्याच्या नोंदणीला मी दोन वर्षं उगाच भ्यायले. १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाचे १०० रुपये होते, एका दुपारी फॉर्म भरून झाला. केकचा ओव्हन अजून आहे. त्यात पापड ठेवते.

बुटीक, प्रतापनगर

माझं उलटं झालं. मी डिजिटल मार्केटिंग शिकले आणि ते चाललं, तिथेच घोळ झाला.

इन्स्टाग्रामवर फोटो कसे टाकायचे, कोणाला दिसायला हवेत, जाहिरातीचे रोजचे २०० रुपये कुठे लावायचे, सगळं शिकले. महालक्ष्म्यांच्या आधी शिवलेल्या नऊवारीचा एक व्हिडिओ टाकला आणि पुण्याहूनसुद्धा ऑर्डरी आल्या. दिवाळीसाठी ३४ ब्लाउज हातात, पैसे आगाऊ. दिवाळीला १९ दिवस उरले असताना शिवणारे मास्तर म्हणाले, गावाला जाऊन येतो. गेले ते गेलेच. फोन बंद.

कापड समोर पडलेलं, मापं वहीत लिहिलेली, आणि मला कात्री कुठून लावायची ते ठाऊक नाही. एक कापून पाहिला. मुंढा इतका खोल गेला की हात वर केला की बाही खांद्यावर चढायची. २७ जणींचे पैसे परत केले. बाकी सात माझ्या मैत्रिणी होत्या, त्यांनी शिव्या दिल्या आणि पैसे राहू दिले.

नंतर महाल भागात एका काकूंकडे सात महिने शिवण शिकायला गेले. पहिले दोन महिने नुसते पेपर कापले, रद्दीवर. आता दोन मास्तर आहेत, कात्री मी क्वचितच धरते. पण कोणी "ताई, पावणेतीन मीटर लागते" म्हणालं की मी विचारते, "पन्हा किती, कापडाची रुंदी?" मग ते सव्वादोनवर येतात.

होलसेल किराणा, इतवारी

इतकं काय विचारून राहिले भाऊ? सहा महिने गादीवर बसवा पोराले. माझ्या बापानं मले पहिलं वर्ष हिशेबाच्या वहीले हात नाही लावू देला. काम एकच, दारात उभं राहून गिऱ्हाईक ओळखाचं. कोण नगदी, कोण उधारीचा, कोण बुडवणारा. बुडवणारा भावासाठी घासाघीस करत नाही. ज्याले पैसे द्यायचेच नाहीत तो कायले भांडन? हे मी एकोणिसाव्या वर्षी शिकलो, फी नाही लागली. अन् हिंदी चांगली येऊ द्या. इतवारीत सौदा हिंदीतच होते, मराठीत फक्त भांडण.

— *गादी आमच्याकडे नाही हो. कुठून आणू? (मामा)*

— कोणाच्याबी गादीवर. पगार नाही मागितला तं कोणीबी ठेवते.

मशीनची इलेक्ट्रिकल कामं, बुटीबोरी

इतवारीच्या भाऊंचं खरं आहे, पण कंपनीचं गिऱ्हाईक दारात ओळखता येत नाही. गेटवर वॉचमन असतो, साहेब आत असतो आणि पैसे देणारा तिसराच असतो.

मी डिप्लोमा करून पीएलसी प्रोग्रॅमिंग शिकलो, म्हणजे मशीन आपोआप चालवणाऱ्या कंट्रोलरला सूचना लिहून देणं. चांगलं शिकलो, आजही पोट त्यावरच आहे. २०१८ मध्ये एका कारखान्याची लाइन चालू करून दिली. रात्री दोन वाजता साहेबांनी पाठ थोपटली, समोसे मागवले. ४ लाख २० हजारांचं बिल. ऑर्डर? तोंडी. काम झाल्याची सही? समोसे खाल्ले ना सोबत, सही कशाला मागायची, असं वाटलं.

सात महिने गेलो. अकाउंट्सच्या खिडकीबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची होती, मागचा एक पाय तुटका, भिंतीला टेकवूनच बसावं लागे. तिच्यावर बसून बसून मला कळलं की बिल अडलेलं नव्हतंच, ते कुणाच्या टेबलावर पोचलेलंच नव्हतं. खरेदी विभागाच्या ऑर्डरचा नंबर नसेल तर तिथल्या कॉम्प्युटरमध्ये ते चढतच नाही. हे मला त्या खिडकीतल्या पोरानं सांगितलं, तेही सहाव्या महिन्यात, मी त्याच्या टेबलावरचा पंखा दुरुस्त करून दिला तेव्हा. शेवटी अडीच लाख मिळाले.

मग कायदा वाचला. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण त्यासाठी आपली नोंदणी आधीची हवी, माझी नव्हती. २०२० च्या जुलैपासून उद्यम नोंदणी आली, ती फुकट होते. मी एजंटला ३ हजार दिले, तेही लिहून ठेवतो. पुढे दुसऱ्या एका कंपनीवर समाधान पोर्टलवर, म्हणजे थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी वेबसाइटवर, तक्रार केली. पैसे आले, काम कायमचं गेलं. म्हणून आता तक्रार करत नाही. ऑर्डरचा नंबर हातात आल्याशिवाय पाना काढत नाही, आणि निम्मे आधी घेतो. मीटरचा प्रोब ठेवायला मी एका आठवड्यात शिकलो होतो. "साहेब, नंबर मिळाला की लगेच येतो" हे वाक्य न अडखळता म्हणायला तीन वर्षं लागली.

कूलर बॉडी, हिंगणा रोड

मी इंजिनिअर. कॉलेज सुटल्यावर २२ हजार भरून डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकलो. घडी होणारा कूलर काढला, स्क्रीनवर गोल फिरवून दाखवायचो सगळ्यांना. पत्रा वाकवणाऱ्या मिस्त्रीनं कागद उलटासुलटा पाहिला अन् म्हणाला, "भाऊ, यात पंप जळला तं हात कुठून जाईन?" हात कुठूनच जात नव्हता. त्याच्याच शेडमध्ये एक सीझन राहिलो, पत्र्याच्या धारेनं बोटं कापून घेतली.

तिथं शिकलो ते कॅलेंडर. पत्रा संक्रांतीच्या आसपास घ्यायचा, होळीपर्यंत बॉड्या उभ्या पाहिजेत, खसच्या ताट्या त्याच्याही आधी सांगून ठेवायच्या. मी पहिल्या वर्षी पत्रा एप्रिलमध्ये घ्यायला गेलो, दुकानदार हसला. दुसऱ्या वर्षी वेळेवर घेतला तर उन्हाळ्यात गारपीट अन् पाऊस. ६० कूलर घरात राहिले. दिवाळीपर्यंत आम्ही त्यांच्यामधून वाट काढत न्हाणीघरात जात होतो. आई एकावर वाळवण ठेवायची.

सॉफ्टवेअर वाया गेलं असं नाही. आता पत्रा किती वाया जातो ते त्यावरच काढतो. पण ते चौथ्या वर्षी.

संत्री, काटोल

मी वेबसाइट बनवणं शिकलो, मग डब्याचं डिझाइन. बाप म्हणे, कळमन्याच्या मार्केटात टाक अन् मोकळा हो. मी म्हटलं, नाही, थेट कॉलनीत विकीन. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तेही डब्यावर छापलं, नोंदणी न करता. ते तसं छापता येत नाही, हे नंतर कळलं.

आपल्या संत्र्याची साल सैल. म्हणूनच सोलायला सोपं, अन् म्हणूनच गाडीत मार खाते. ड्रायव्हरनं आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या तोंडी येणाऱ्या पिकाचा) पहिला माल सावनेरला दुसरं भाडं उचलत फिरवत आणला. वरचे दोन थर ठीक, खालचं सारं पिचलं. त्या आठवड्यात मी छोटा हत्ती (मालाची छोटी गाडी) चालवायला शिकलो. लायसन्स काढलं. आता क्रेटमध्ये तणीस (धानाचा पेंढा) घालून तीनच थर, पहाटे चारला निघतो, गतिरोधकावर स्वतः ब्रेक मारतो. माझ्या धंद्यातलं सगळ्यात महागाचं स्किल विचाराल तर हेच. वेबसाइट दोन वर्षांपासून बंद आहे, ऑर्डर व्हॉट्सॲपवरच येते.

आता नोकरीत, सदर

थोडक्यात लिहितो. मी सादरीकरण शिकलो. दहा स्लाइडमध्ये धंदा कसा मांडायचा, बाजारपेठ केवढी, पाच वर्षांनी उलाढाल किती. कॉलेजच्या स्पर्धेत पहिला आलो, ट्रॉफी आहे. बँकेत मुद्रा कर्जासाठी गेलो तर मॅनेजरबाईंनी स्लाइड बाजूला ठेवून विचारलं, "आतापर्यंत कोणी विकत घेतलं?" कोणीच घेतलं नव्हतं. कर्ज नाही मिळालं, त्याबद्दल आज त्या बाईंचे आभारच मानतो. भाच्याला सांगा, शेअर मार्केट त्या पानावरून खोडून टाक. तो धंदा करायला निघालाय ना?

भाचा

नमस्कार. मामानं सगळं वाचायला लावलं, दोनदा. अडचण अशी आहे की क्लासचे ३५ हजार मी सोमवारीच भरले, परत मिळत नाहीत म्हणतात. बॅच सकाळची आहे, दुपार मोकळी असते. इतवारीचे काका, पगार नको, पण तुमच्या ओळखीत कोणी खरंच ठेवेल का? आणि मानेवाड्याच्या काकू, तेल मोजायला काटा कोणता घेतला?

— दहा किलोचा, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. पण तळणार काय आहेस ते आधी सांग.

— शनिवारी ये पोट्ट्या, अकरा वाजता. चप्पल बाहेर काढाची.