टोमॅटो चपटा का दिसतो
तू कॉम्प्युटरवर काढलेला टोमॅटो शेडिंग देऊनही चकतीसारखा दिसतोय असं म्हणालास ना, मला वाटतं तुझा ग्रेडियंट, म्हणजे फिकटाकडून गडदाकडे हळूहळू बदलत जाणारा रंग, बरोब्बर मधोमध सुरू होतोय, तिथंच घोळ आहे. गिम्पमध्ये (चित्रांसाठीचं फुकट सॉफ्टवेअर) रेडियल, म्हणजे एका बिंदूपासून गोल पसरणारा, ग्रेडियंट घे, सुरुवात उजेडाच्या बाजूला म्हणजे वर डावीकडे कर नि ओढत समोरच्या कडेच्या थोडं बाहेर ने. आणि सगळ्यात गडद भाग अगदी कडेला नको!! जरा आत हवा, कारण टेबलावरून उलटलेला उजेड खालच्या कडेवर येतो, तिथं नवीन लेयरवर, म्हणजे चित्रावरच्या वेगळ्या थरावर, मऊ ब्रशने टेबलाच्याच रंगाची फिकट रेघ दे, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) २०-३० टक्के बास.

सावलीचे मी दोन लेयर करते, दोन्ही मल्टिप्लाय मोडवर (यात खालचा रंग गडद होतो), एक टेकलेल्या जागी बारीक नि गडद, दुसरा पसरट, त्याला गॉसियन ब्लर (कडा धूसर करणारा फिल्टर) भरपूर. शुद्ध काळा वापरू नकोस, मेलेला दिसतो.

आणि हो, आधी खरा टोमॅटो खिडकीत ठेवून नीट बघ. मी जांभळी नाक्याच्या मंडईतनं आणलेला ठेवला होता, तेव्हा कळलं की चमक म्हणजे नुसता पांढरा ठिपका नसतो, ती खिडकीच्याच आकाराची असते, गजांसकट, फक्त गोलाईवर वाकलेली.