कोरियन कमेंट्समधलं ते खखखख म्हणजे काय?

आळशी_मांजर:
के-ड्रामाच्या क्लिप्सखालच्या कमेंट्स वाचायचा नाद लागलाय. हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, जेमतेम लावता येते, पण तिथे एकच अक्षर दहा-दहा वेळा टाकलेलं असतं, ख सारखं, त्याला स्वरबिर काही नाही, ट्रान्सलेटला टाकलं तर नुसतं केकेके येतं. आणि दुसरं एक, वर आडवी रेघ आणि खाली दोन दांड्या, तेही जोडीने. शिव्या तर नाहीत ना?

अर्धवट_पंडित:
शिव्या कसल्या, हसतायत! त्या अक्षराचं नाव कियुक, तोंड दाबून ख्ख्ख हसल्याचा आवाज. ह वालं अक्षर दोनदा आलं तर ते जरा सौम्य हसू. दोन दांड्यांवालं म्हणजे रडणं, अक्षर म्हणून तो 'यू' स्वर आहे पण इथे वाचायचा नाही, बघायचा, मिटलेले डोळे आणि खाली ओघळलेलं पाणी.
बाकी बरेचसे शॉर्टफॉर्म म्हणजे शब्दातल्या प्रत्येक अक्षराचं पहिलं व्यंजन तेवढं ठेवायचं. 'गाम-सा' म्हणजे आभार, त्याचं ग आणि स. 'इन-जंग' म्हणजे मान्य, त्याचं ते शून्यासारखं गोल (अक्षर स्वराने सुरू झालं की आधी लागणारं मूक व्यंजन) आणि ज. नुसती दोन गोलं असली तर 'हो हो'. कीबोर्डवर व्यंजन आणि स्वर वेगवेगळेच दाबायचे असतात ना, मग बाकीचं गाळलं की काम झालं.

निशाचर:
वरच्यात एक भर. ख एकटाच टाकू नकोस, ते खवचट वाटतं, 'हं, फार विनोदी' टाइप. मी एका कोरियन मैत्रिणीला चॅटवर एकच पाठवला तर तिने विचारलं चिडलायस का.

लिपीवेडा:
मला तर अक्षरांच्या दिसण्यावरचे खेळ भारी वाटतात. भू भू करणारा कुत्रा 'मंगमंगी', पण ती अक्षरं घाईत वाचली तर 'देंगदेंगी'सारखी दिसतात, म्हणून लाडाने कुत्र्याला देंगदेंगीच म्हणायला लागले 😄 आकड्यांचे खेळ तर पेजरच्या जमान्यातले, ८२८२ म्हणजे पाल-ई-पाल-ई, म्हणजे 'पल्ली पल्ली', लवकर लवकर.

आळशी_मांजर:
अरे देवा. काल हिरोच्या आजीच्या मरणाच्या सीनखाली मी पंधरा ख टाकून आलोय, मला वाटलं हुंदके आहेत. थांबा, डिलीट करून येतो.