बाबांचं पोट दुखतं, रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल

ओसरी_७२: बाबा ६१ वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन तीन वर्षं झाली. गेले पाच महिने पोटात गोळा उठतो म्हणतात. दुर्बिणीने तपासलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. जेवण निम्म्यावर आलंय. पहाटे तीनला उठून ओसरीवर बसतात. पेपरची घडी आधी कुणी मोडली तर चिडायचे, आता तो दारात तसाच पडलेला असतो. परवा दूधवाल्याचा हिशेब जमेना. चालत्या गाडीत सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडी करणारा माणूस!

आईला वाटतं विसरण्याचा आजार लागला. मामा म्हणतो, देवऋष्याला दाखवा. मी मानसोपचाराचं नाव काढलं तर, "मला काय वेड लागलंय?" रडत नाहीत, दुःखाचं काही बोलत नाहीत. हे डिप्रेशन असू शकतं? की वयच?

जुना_मास्तर: ताई, वयाने पहाटे लवकर जाग येते, पेपर नकोसा होत नाही. मी ६८. ही गेली त्यानंतर वर्षभराने माझी पाठ धरली. हाडांचे दोन डॉक्टर झाले, बेल्ट झाला. तिसऱ्याने विचारलं, "शेवटचं मनापासून काय खाल्लंत?" मला सांगताच येईना. त्यांनीच मानसोपचारवाल्यांकडे धाडलं.

गोळी अगदी कमी डोसने सुरू झाली. पहिले दहा दिवस नुसती मळमळ, मुलाला म्हटलं, बंद कर हे. चौथ्या आठवड्यात एका सकाळी चहा अगोड लागला. सून म्हणाली, "बाबा, साखर दोन महिन्यांपासून कमीच घालतेय." मला चव कळली ती त्या दिवशी. मग शहाणपणा केला आणि बरं वाटतंय म्हणून चौथ्या महिन्यात स्वतःच गोळी सोडली. चक्कर, चिडचिड, आणि दीड महिन्यात पुन्हा पाठ. आता डॉक्टर म्हणतील तेव्हाच सोडणार.

देवऋष्याचं राहू द्या. मामांना दुखवू नका, पण राहू द्या.

रात्रपाळी: मी नर्स आहे. आधी थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन, शुगर आणि सोडियम तपासून घ्या, यातल्या गडबडीनेही माणूस असाच मलूल होतो. चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. बीपीच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही, आणि या वयात ते जास्त जपावं लागतं. मेडिकलमधून झोपेची गोळी परस्पर आणू नका, रात्री उठताना पडतात.

विसरण्याबद्दल: डिप्रेशनमध्येही लक्ष लागत नाही, हिशेब चुकतात. असे लोक बहुधा स्वतःच "मला आठवत नाही" म्हणून कुरकुरतात. डिमेन्शियात, म्हणजे विसरण्याच्या आजारात, पुष्कळदा घरच्यांनाच आधी कळतं. दोन्ही एकत्रही असतं, म्हणून निदान डॉक्टरांवर सोडा.

एक अवघड गोष्ट. जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. शेतीचं औषध घरात असेल तर आजच हलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

ओसरी_७२: उशिरा लिहितेय. पोटाचेच डॉक्टर म्हणून नेलं नाही, खरं सांगूनच नेलं. "झोपेचं आणि भुकेचं बघतात" एवढं म्हटलं, आले. डॉक्टरांनी विचारलं, नोकरीत सकाळी कितीला उठायचात? म्हणाले, "पावणेपाचची पहिली गाडी. तीनला उठायचो." मग बराच वेळ गप्प. मग, "आता उठून कुठं जायचं?" झोपेतच जावं असं कधीकधी वाटतं, हेही सांगितलं त्यांनी. आई बाहेर बाकावर होती ते बरं.

सोडियम खरंच थोडं कमी निघालं. बीपीची गोळी बदलली, पुन्हा तपासलं, मग ही डिप्रेशनची गोळी. आज बारावा दिवस. पोट दुखतंच आहे, फरक म्हणावा असा नाही. मास्तर, चहाचं लक्षात ठेवलंय.

काल दूधवाल्याची वही मागून घेतली त्यांनी. अकरा रुपयांनी चुकले. पुन्हा मांडत बसले.