रि: रि: आजोबांची निधनवार्ता – दासनवमी, शके १८९३

मंडळी,
भाच्याने पुण्याच्या ग्रंथालयात वर्तमानपत्राचे फेब्रुवारी १९७१ चे सगळे अंक चाळले. आजोबांचं नाव कुठेही नाही. आजीच्या वहीत "शके १८९३, दासनवमी, रात्रौ" एवढंच आहे. पालिकेत मृत्यूची नोंद शोधायला तारीख मागतात, आणि भाचा शनिवारपर्यंतच पुण्यात आहे. आता काय करू?
– दिवाळी अंक समिती

ताई,
अहो, १९७१ नाही, १९७२! शकात ७८ मिळवायचे ते पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत. शके १८९३ सुरू झालं मार्च १९७१ मध्ये. माघ येतो शकाच्या शेवटाला, तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून तिथे ७९ मिळवायचे. दासनवमी म्हणजे माघ वद्य नवमी. १९७२ साली महाशिवरात्र १३ फेब्रुवारीला होती, त्यावरून नवमी ८-९ तारखेला येते. ९ पासून १५ पर्यंतचे अंक बघायला सांगा.
– खजिनदार

खजिनदारांचं गणित बरोबर आहे, पण "रात्रौ" या शब्दाकडे लक्ष द्या. माझे वडील छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, होते. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती आधी छापून गाड्यांवर रवाना व्हायची. रात्री उशिरा आलेला मजकूर शहर आवृत्तीत लागायचा, नाहीतर थेट परवाच्या अंकात. ग्रंथालयाने कुठली आवृत्ती बांधून ठेवली आहे ते आधी विचारा. आणि नुसतं आडनाव शोधू नका. आजोबा मुख्याध्यापक होते ना? मग मथळ्यात "निवृत्त मुख्याध्यापकांचे निधन" एवढंच असू शकतं, नाव खाली मजकुरात. "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे" हे वाक्य दिसलं की तो परिच्छेद पूर्ण वाचायचा.
– माजी सचिव

सर्वांना विनंती: ग्रंथालयांशी पत्रव्यवहार आमच्या समितीमार्फतच व्हावा. गेल्या वर्षीच्या प्रकारानंतर तसं ठरलं आहे. एकाच ग्रंथपालांना तिघांनी फोन केले की ते कोणाचंच काम करत नाहीत. पुण्यात अंक नसेल तर मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्याने, त्यात १९५६ मध्ये वर्तमानपत्रांची भर पडल्यावर, प्रकाशकांनी अंक जमा करायचे असतात. शिवाय शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजकडे भारतीय वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म आहेत, त्या सभासद विद्यापीठांमार्फत मागवता येतात. ते मी बघते, कृपया दुसऱ्या कोणी अर्ज करू नये.
– वाचनालय समिती

शिकागोहून रीळ येईपर्यंत ताईंचा भाचा पुण्यातून निघूनही गेला असेल. हातात आहे ते आधी करा. माझ्या आत्याची निधनवार्ता कुठेच सापडली नव्हती, पण पुढच्या वर्षी काकांनी दिलेली "प्रथम पुण्यस्मरण" ही जाहिरात मिळाली. चौकटीत फोटो, खाली मृत्यूची तारीख, आणि "शोकाकुल" म्हणून सगळ्या घराची नावं. वार्ताहराच्या बातमीत नाव चुकतं. जाहिरात घरच्यांनी लिहून दिलेली असते, म्हणून माझा तिच्यावर जास्त भरवसा आहे. १९७३ चा फेब्रुवारी जरूर बघा.
– नाट्यविभाग

अख्खा महिना चाळायला लावू नका त्या पोराला! १९७२ मध्ये अधिक वैशाख आला, त्यामुळे १९७३ ची दासनवमी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेली. जाहिरात तारखेने दिली असेल तर ८-९ फेब्रुवारी, तिथीने दिली असेल तर २५ ते २७. एवढेच अंक पुरेत.
– खजिनदार

खजिनदार काका, सगळं भाच्याला कळवलंय. तो उद्या आधी १९७२ बघेल, मग १९७३, आणि सापडलं तर अंकाचं नाव आणि तारीख दिसेल असा पूर्ण पानाचा फोटो काढेल. जुने अंक बाहेर काढायला तिथे संस्थेचं पत्र मागतायत. वाचनालय समितीने आज रात्रीच मंडळाच्या लेटरहेडवर ते पाठवावं. अध्यक्षांची सही नसली तरी चालेल, शिक्का मात्र हवा.
– दिवाळी अंक समिती