आईच्या निधनानंतर बौद्धिक अक्षमता असलेल्या भावात झालेला बदल : हा आजार समजावा की परिस्थितीचा परिणाम?

प्रश्न : घणसोलीकर ताई

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा असून त्याला लहानपणापासून सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. त्याचे सगळे आयुष्य कळव्यातील एका चाळीत आईबरोबर गेले. अक्षरओळखीपुढे तो शिकला नाही. परंतु सकाळी दूध आणणे, नळाला पाणी आले की पिंपे भरणे, शेजारच्या आजींच्या गोळ्या दुकानातून आणून देणे आणि दुपारी ओळखीच्या एका छापखान्यात कागदांच्या घड्या घालणे ही कामे तो वर्षानुवर्षे न चुकता करीत असे.

गेल्या वर्षी श्रावणात आई गेली. त्याला ते सोसणार नाही असे आम्हां सर्वांनाच वाटले, म्हणून अंत्यसंस्काराच्या दिवशी त्याला मावशीकडे डोंबिवलीला पाठवले आणि आई गावी गेली आहे, असे सांगितले. तेराव्यानंतर मी त्याला घणसोलीला माझ्या घरी आणले. मी आणि माझे यजमान दोघेही नोकरीला जातो, मुलगी बारावीत आहे. त्यामुळे दिवसाचे आठ-नऊ तास तो घरात एकटाच असतो आणि काळजीपोटी आम्ही दाराला बाहेरून कुलूप लावतो.

गेले पाच महिने तो पहाटे चारला उठून दाराशी बसतो. अंघोळ टाळतो, ताटातले अर्धे टाकून उठतो, पूर्वी स्वतः लावत असे ती शर्टाची बटणे आता मला लावावी लागतात, आणि मुलीने टीव्ही बंद केला तर तिच्या अंगावर धावून जातो. मध्येच "मला आईकडे जायचे आहे" असे म्हणतो आणि ते ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवले, तेव्हा "अशी माणसे वय वाढले की अशीच होतात" असे सांगून पाच मिनिटांत झोपेची गोळी लिहून दिली. त्या गोळीने तो दिवसभर पेंगतो, बाकी काहीच बदललेले नाही.

हा मानसिक आजार आहे, त्याची मूळची अक्षमताच वाढते आहे, की हा केवळ परिस्थितीचा परिणाम आहे? आणि आईचे खरे त्याला आता सांगावे का?

उत्तर १ : निवृत्त समाजसेविका, ठाणे

ताई, मी ठाण्यात मनोविकार क्षेत्रात समाजसेविका म्हणून २८ वर्षे काम केले. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान कोणीही करू नये, मीही करणार नाही. परंतु तुम्ही जे तीन पर्याय मांडले आहेत ते एकमेकांपासून वेगळे काढता येतील असे मला वाटत नाही.

आधी त्या पाच मिनिटांच्या निष्कर्षाविषयी बोलते, कारण मला त्याचा मनापासून राग आला. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाची प्रत्येक तक्रार त्याच्या अक्षमतेच्या खात्यावर टाकून मोकळे होण्याची ही चूक फार जुनी आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये तिला नाव दिले आणि दाखवून दिले की, तीच लक्षणे असली तरी समोरच्या माणसाला बौद्धिक अक्षमता आहे असे कळले की तज्ज्ञसुद्धा मानसिक आजाराचे निदान कमी वेळा करतात. सौम्य बौद्धिक अक्षमता वयाच्या चाळिशीत आपोआप वाढत नाही. येत असलेली कौशल्ये जाऊ लागली, झोप, भूक आणि स्वभाव बदलला, तर त्यामागे काहीतरी नवे घडलेले असते आणि ते शोधावेच लागते. "मला उदास वाटते" हे शब्द ज्यांच्यापाशी नसतात त्यांचे नैराश्य चिडचिडीतून, अंघोळ टाळण्यातून आणि विसरलेल्या बटणांतून दिसते. त्याच्या जोडीला थायरॉइड आणि जीवनसत्त्व बी-१२ यांच्या रक्ततपासण्या, कान आणि दात यांची तपासणी आवर्जून करून घ्या. ज्याला दुखणे सांगता येत नाही अशा माणसाचा दुखरा दातही घरच्यांना राग म्हणूनच दिसतो. डाऊन सिंड्रोम हा जन्मजात विकार असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण त्या व्यक्तींमध्ये थायरॉइडचे विकार आणि कमी वयातील स्मृतिभ्रंश अधिक आढळतात.

आता परिस्थितीविषयी. लंडनच्या कँबरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास करून जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी १९७८ मध्ये जे मांडले, त्याचा उपयोग मला ठाण्याच्या वस्त्यांतून काम करताना सतत होत असे. मन मोकळे करण्याजोगे जवळचे माणूस नसणे, घराबाहेर काम नसणे, लहानपणी आई गमावणे, घरात तीन किंवा अधिक लहान मुले असणे या गोष्टींमुळे नैराश्य थेट येत नाही. मात्र मोठा आघात झाला की ज्यांच्या आयुष्यात या गोष्टी असतात ती माणसे अधिक लवकर कोसळतात. तुमच्या भावाची तुलना त्या स्त्रियांशी तंतोतंत होणार नाही, तरीही पाहा : त्याने आई गमावली, तिच्याबरोबरच मनातले कळणारे एकमेव माणूस गमावले, आणि त्याच आठवड्यात छापखाना, दूध, पाणी, आजींच्या गोळ्या हे सगळे गमावले. कळव्यात लोकांना त्याची गरज होती. घणसोलीत तो सांभाळला जातो, आणि तेही कुलपाच्या आत. तुम्ही हे मायेपोटी केले आहे याविषयी मला शंका नाही, तरी ते कुलूप आधी निघायला हवे. आग लागली तर त्याला बाहेर पडता येणार नाही, हे एक कारणसुद्धा पुरेसे आहे.

आईचे खरे त्याला सांगा. तुम्ही त्याला सांगितले की आई गावी गेली, म्हणजे त्याच्या हिशेबाने ती वर्षभर त्याला न सांगता, त्याला न भेटता दूर राहिली आहे. मृत्यूपेक्षा हे सोसणे त्याला सोपे असेल असे आपण कशावरून ठरवतो? इंग्लंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ शीला हॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आई किंवा वडील गमावलेल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या ५० प्रौढांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला; त्यांच्यात मानसिक त्रास स्पष्ट दिसत होता, परंतु सांभाळणाऱ्यांनी त्याचा संबंध त्या मृत्यूशी फारसा जोडलेला नव्हता. सांगताना "देवाघरी गेली", "झोपली" असे शब्द वापरू नका. आई मेली, तिचे शरीर थांबले, ती परत येणार नाही आणि यात तुझी काही चूक नव्हती, असे सरळ सांगा. तिचा फोटो, तिची साडी, तिची एखादी वस्तू त्याच्या हातात द्या. तो पुन्हा पुन्हा विचारील, तितक्या वेळा तेच शब्द सांगा. "आईकडे जायचे आहे" याचा अर्थ त्याच्या लेखी सध्या गावी जाणे हाच असण्याचा संभव आहे. परंतु सांगितल्यानंतर त्याच वाक्याचा अर्थ बदलू शकतो, म्हणून त्या दिवसांत त्याला एकटे ठेवू नका आणि मनोविकारतज्ज्ञांना ही गोष्ट आधी कळवा. मध्येच कोणाशी बोलावेसे वाटले तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. झोपेची गोळी मात्र एकदम स्वतःहून बंद करू नका.

उत्तर २ : खारेगावचा एक शुभंकर (मनोरुग्णाची काळजी घेणारा नातेवाईक)

ताई, माझ्या थोरल्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे, त्यामुळे माझा अनुभव वेगळ्या आजाराचा आहे. तरी एक गोष्ट सांगाविशी वाटते. घरातली सततची टीका, चिडून बोलणे आणि अतिकाळजी यांचा रुग्णाच्या पुन्हा आजारी पडण्याशी संबंध असतो, हे लंडनमधील अभ्यासांतून सत्तरच्या दशकातच दिसून आले होते आणि अशा नातेवाइकांबरोबर आठवड्याला ३५ तासांहून अधिक काळ समोरासमोर जात असेल तर धोका वाढतो, असेही त्यांत आढळले होते. मला हे समजले तेव्हा आधी फार अपराधी वाटले, कारण बहिणीच्या प्रत्येक घासावर मीच बोलत असे. समुपदेशकांनी मला समजावले की हा दोष ठरवण्याचा मुद्दा नसून घरातल्या दमलेल्या माणसांना उसंत देण्याचा आहे. बहीण दिवसाचे चार तास कामाच्या केंद्रात जाऊ लागली आणि आमचे संध्याकाळचे बोलणे आपोआप मऊ झाले. तुमच्या मुलीशीही बोला. आजी तिचीही गेली आहे, आणि तुमची तर आईच गेली. त्या दुःखाला तुम्ही कधी बसून वाट करून दिली का?

उत्तर ३ : वकील, वाशी

कायद्याच्या बाजूने थोडक्यात लिहितो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार धरलेला नाही. ती दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात येते. परंतु त्याच व्यक्तीला नैराश्य झाले तर त्या नैराश्याच्या उपचारांना २०१७ चा कायदा लागू होतो आणि "हे आमच्या विभागाचे काम नाही" असे उत्तर तुम्हाला मान्य करण्याचे कारण नाही. उपचाराची माहिती सोप्या भाषेत समजावून घेण्याचा आणि शक्य असेल तेथे स्वतः संमती देण्याचा हक्क तुमच्या भावाला आहे.

राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ अन्वये बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमता येतो आणि निरामय योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळू शकतो. पालकत्वाची घाई मात्र करू नका. जे निर्णय तो स्वतः घेऊ शकतो ते त्याच्याकडेच राहू द्यावेत. आणखी एक विचारतो, राग मानू नये : कळव्याची खोली आईच्या मालकीची असेल तर तोही तुमच्या बरोबरीचा वारस आहे. ती विकण्याचा विचार चालू असल्यास थांबा.

घणसोलीकर ताई (सात आठवड्यांनंतर)

सर्वांची मनापासून आभारी आहे. मनोविकारतज्ज्ञांनी पाऊण तास दिला आणि त्यातला निम्मा वेळ त्या माझ्या भावाशीच बोलल्या. त्यांचे निदान नैराश्याचे आहे. बी-१२ सुद्धा फार कमी निघाले, त्याची इंजेक्शने चालू आहेत, आणि झोपेची गोळी त्यांनी हळूहळू कमी करीत बंद केली.

आईचे सांगितले त्या दिवशी मावशी आणि मी दोघी त्याच्याजवळ होतो. तो रडला नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "मग रातराणीने येणार नाही?" आई गावाहून नेहमी रातराणीनेच येत असे आणि पहाटे दार वाजवत असे, दार उघडायला तोच धावत असे, हे मी पार विसरले होते. पहाटे जाग येणे हे नैराश्याचेही लक्षण असते असे डॉक्टर म्हणाल्या, आणि ते खरे असेल; पण तो दाराशी का बसत होता ते आम्हां दोघींनाही त्या क्षणी समजले. त्यानंतर तो चार दिवस खूप रडला, मी रजा घेऊन घरी राहिले.

खोली विकण्याची बोलणी आम्ही थांबवली आहेत. छापखान्याच्या मालकांनी त्याला आठवड्यातून तीन दिवस परत बोलावले आहे. यजमान त्याला ठाण्यापर्यंत लोकलने नेतात आणि तिथून पुढे कळव्याला तो चाळीतल्या एका मुलाबरोबर जातो. कुलूप काढले आहे आणि एक किल्ली त्याच्या गळ्यात दोरीने बांधली आहे. अंघोळीची कुरबुर चालूच आहे, मुलीवर तो परवा पुन्हा ओरडला. वरची दोन बटणे मात्र काल त्याने स्वतः लावली.